तांबडा दिवा लुकलुकूं लागला म्हणजे

गेल्या वैशाखांत आमच्या वाड्याच्या माडीवर पुस्तकांसाठीं फळ्या बसविण्याचें काम निघालें होतें. भिंत जुन्या भाजक्या विटांची, वर चुन्याचा गिलावा. पहारीनें आणि छिन्नीनें भोंकें पाडावयाचीं म्हटलें तर दोन दिवस सहज गेले असते. आमच्या लहानपणीं सुतार दोरी ओढून सामता फिरवीत व लांकडास वेज पाडीत, त्याची घरघर अजून आमच्या कानांत आहे. आतांचे मिस्त्री बॅटरीवर चालणारें ड्रिल घेऊन येतात. तारेचें लोढणें नाहीं, जवळ विजेचें बटण शोधावयास नको, आणि घटकाभरांत भिंतीची चाळण करून मोकळे होतात. आमच्याकडे आलेल्या मिस्त्रींनीं आपल्या हाताखालच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलास काम नेमून दिलें व ते दुसरीकडे निघून गेले.

दोन प्रहरीं ड्रिल मंदावलें. मुलानें बॅटरी काढली आणि गच्चीच्या कडेस पत्र्याच्या छपराखालीं जो चार्जर लावून ठेवला होता त्यांत बसविली. चार्जरवरील तांबडा दिवा लुकलुकूं लागला. अर्ध्या तासानंतरहि तो लुकलुकतच होता. इतक्यांत मिस्त्री परतले. त्यांनीं दिव्याकडे एक नजर टाकली व म्हणाले, "गेली बॅटरी! पोरानं जाळली. चार हजारांची वस्तु आहे, मास्तर." मुलगा हळूंच म्हणाला, "तापलीया ती. जरा दम धरा, आपआप लागंल." मिस्त्रींनीं ऐकून घेतलें नाहीं, आणि सांगावयास लाज वाटते, आम्हींहि घेतलें नाहीं. चौतीस वर्षें वर्गांत उभें राहून "आधीं प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" असें ओरडलेले आम्ही, त्या मुलास म्हणालों, "अरे, चूक कबूल करण्यांत कमीपणा नसतो." तो कांहीं बोलला नाहीं. त्याची त्या दिवसाची मजुरी मिस्त्रींनीं राखून ठेवली, पुढें आणखी कापूं म्हणून बजावलें, आणि मुलगा खालीं मान घालून जिना उतरला. 'मेलेली' बॅटरी चार्जरांतच राहिली.

दिवेलागणीस आमच्या सौ. वाळत घातलेल्या कुरडया काढण्यास गच्चीवर गेल्या, त्यांनीं तेथूनच हांक मारली, "अहो, तो दिवा आतां लुकलुकत नाहीं हो." जाऊन पाहतों तों दिवा तांबडाच, पण स्थिर. रात्रीं जेवणें आटोपून पुन्हां वर गेलों तेव्हां तो हिरवा झालेला! मधल्या वेळांत त्या चार्जरास कोणीं बोटहि लाविलें नव्हतें.

त्या रात्रीं ड्रिलच्या पेटींत घडी करून ठेवलेलें माहितीपत्रक आम्हीं बाहेर काढलें. अक्षर मुंगीच्या पायाएवढें, भाषा पंधरा-वीस, त्यांत मराठी नाहीं. भिंग घेऊन बसलों. तांबड्या लुकलुकण्यासमोर एवढेंच लिहिलें होतें कीं, बॅटरी फार तापलेली किंवा फार गार असल्यास भरणें थांबवून ठेविलें जाईल, व तपमान योग्य झालें कीं तें आपोआप सुरू होईल. मुलाचें म्हणणें अक्षरशः तेंच होतें.

मिस्त्रींची चूक कोठें झाली हें शोधतांना आम्हांस न्यायशास्त्रांतील एक जुनी चर्चा आठवली. शब्दाचा अर्थाशीं जो संबंध असतो तो संकेतानें ठरतो, असें नैयायिक मानतात. 'वृद्धि' म्हणजे बाजारांत वाढ; आपल्या घरांत 'वृद्धि आली' म्हटलें म्हणजे सोयेर; आणि पाणिनीच्या व्याकरणांत वृद्धि म्हणजे आ, ऐ, औ हे तीन स्वर! ज्यानें त्यानें आपापल्या शास्त्रांतील संकेत जाणून घ्यावा. एकाचा संकेत दुसऱ्याच्या दारीं नेला कीं अनर्थ होतो. चार्जरवरील दिव्यांचें तसेंच आहे. तांबडा म्हणजे धोका, हिरवा म्हणजे निर्धास्त, हें आगगाडीच्या सिग्नलनें आपल्या अंगीं इतकें मुरविलें आहे कीं, दिवा दिसला कीं तोच अर्थ आपण बेलाशक लावतों. परंतु चार्जर बनविणाऱ्या कंपन्यांनीं या दिव्यांचा असा एक संकेत ठरविलेलाच नाहीं. प्रत्येकीचें व्याकरण निराळें.

जपानच्या मकिता कंपनीचा अठरा व्होल्टचा शीघ्र चार्जर घ्या. तो विजेशीं जोडला व अजून बॅटरी बसविली नाहीं, तर हिरवा दिवा लुकलुकतो. म्हणजे 'मी तयार आहें, बॅटरी आणा.' बॅटरी बसविली कीं स्थिर तांबडा, भरणें चालू. सुमारें ८० टक्के भरली कीं तांबडा व हिरवा दोन्ही एकदम. आणि पूर्ण झाल्यावर केवळ हिरवा. आतां जर्मनीच्या बॉशचे चार्जर पाहा. त्यांच्यापैकीं अनेकांवर हिरवा लुकलुकला म्हणजे बॅटरी भरत आहे, व स्थिर झाला म्हणजे भरली. म्हणजे एके ठिकाणीं जो दिवा 'पाट मांडला आहे, पाहुणा यावयाचा आहे' असें सांगतो, तोच दुसऱ्या ठिकाणीं 'पाहुणा जेवत आहे' असें सांगतो!

अमेरिकेच्या डिवॉल्टची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्या पुष्कळ चार्जरांवर हिरव्यास स्थानच नाहीं. तांबडा लुकलुकत असला म्हणजे भरणें चालू. तो स्थिर झाला म्हणजे भरणें संपलें. आणि लुकलुकत्या तांबड्याबरोबर पिवळाहि लागला तर बॅटरी तापलेली अथवा गारठलेली. उलट त्याच देशांतील मिलवॉकीच्या चार्जरावर स्थिर तांबडा म्हणजे भरणें चालू, स्थिर हिरवा म्हणजे संपलें, आणि लुकलुकता तांबडा म्हणजे तपमानासाठीं थांबा. ज्या माणसानें आयुष्यभर मकिता वापरली तो डिवॉल्टचा स्थिर तांबडा पाहून, भरलेली बॅटरी 'अजून भरतेच आहे' म्हणून तासन् तास ठेवून बसेल. यांत बिघडत कांहीं नाहीं, वेळ तेवढा जातो.

खरा घोटाळा आहे तो लुकलुकत्या तांबड्याचा. डिवॉल्टवर तो 'काम चाललें आहे' म्हणतो. मकिता व मिलवॉकीवर 'थांबा, निवूं द्या' म्हणतो. आणि बॉशच्या बऱ्याच चार्जरांवर 'कांहींतरी दोष आहे, भरतां येत नाहीं' असें म्हणतो, कारण तेथें तपमानाची अडचण स्थिर तांबड्यानें कळवितात. एकच दिवा, एकच रंग, एकच लुकलुक, आणि अर्थ तीन! आमचे मिस्त्री पूर्वीं ज्या कंपनीचें हत्यार वापरीत होते तिच्या चार्जरावर हा दिवा दोषाचाच होता. नवें हत्यार घेतलें, पण डोक्यांतील कोश जुनाच राहिला. मुलाच्या डोक्यांत जुना कोश नव्हता. त्यानें हेंच एक यंत्र पाहिलें होतें, म्हणून तो बरोबर वाचीत होता. अर्थांत एकाच कंपनीच्या निरनिराळ्या चार्जरांतहि फरक असतात. तेव्हां वर जें लिहिलें तें पाठ करून ठेवण्यासाठीं नव्हे. आपल्या घरांत जो चार्जर असेल त्याच्या अंगावर छापलेला तक्ता किंवा त्याबरोबर आलेलें पत्रक, हेंच प्रमाण.

पण बॅटरी तापली तर थांबावयाचें कां? विजेची वस्तु, वीज आली कीं भरावी, असें आम्हांसहि वाटे. अलीकडील या हत्यारांत लिथियम-आयन जातीच्या बॅटऱ्या असतात. (या जातीची बॅटरी सोनी कंपनीनें प्रथम १९९१ मध्यें बाजारांत आणली, तिच्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.) अठरा व्होल्टच्या बॅटरींत पांच घट एकापुढें एक जोडलेले असतात; प्रत्येकाचा मध्यम दाब ३.६ व्होल्ट, पांचांचे मिळून अठरा. पूर्ण भरल्यावर प्रत्येक घट ४.२ वर जातो, म्हणजे सर्व मिळून एकवीस. त्यामुळेंच कांहीं कंपन्या त्याच पांच घटांच्या बॅटरीवर 'वीस व्होल्ट कमाल' असें छापतात. डिवॉल्ट तर एकच माल अमेरिकेंत वीस म्हणून आणि युरोपांत अठरा म्हणून विकते. संकेताची गंमत येथेंहि आहेच!

या घटांस दोन गोष्टी सोसत नाहींत : ४.२ व्होल्टच्या पुढें भरणें, आणि भलत्या तपमानांत भरणें. विटांच्या भिंतींत भोंक पाडतांना ड्रिल जोरानें वीज ओढतें, त्यानें घट आंतून तापतात. त्यांत वरून पत्रा, आणि वैशाखांतील दोन प्रहर. तापलेल्या घटांत वीज कोंबली तर आंतील द्रव्यें लौकर झिजतात व बॅटरीचें आयुष्य घटतें. फारच अतिरेक झाला तर आगीचें भय. म्हणून बॅटरीच्या पोटांत उष्णतेप्रमाणें रोध बदलणारा एक लहानसा मणि बसविलेला असतो. वीज नेण्याच्या दोन पट्ट्यांखेरीज आणखी ज्या बारीक पट्ट्या खोबणींत दिसतात, त्यांतून त्याची खबर चार्जरास पोंचते. वैद्यानें आधीं नाडी पाहावी व मग औषध द्यावें, तसा हा प्रकार आहे. बॉश आपल्या बॅटरीसाठीं ० ते ४५ अंश सेल्सियस ही मर्यादा सांगते. मकिता चार्जर ठेवण्याच्या खोलीचें तपमान १० ते ४० अंश असावें असें लिहिते. आतां आपल्याकडचा उन्हाळा आठवा. नागपूर-चंद्रपूरकडे सावलींतील पारा ४५ च्या वर जातो. तेथें गच्चीवर ठेवलेल्या चार्जरानें दिवसभर लुकलुकत बसावें यांत त्याचा दोष तो काय?

आणि हाच दिवा थंडीसाठींहि आहे. आपल्यापैकीं अनेकांच्या घरचीं मुलें आतां कॅनडांत व अमेरिकेच्या उत्तर भागांत स्थायिक झालीं आहेत. तिकडे घरचीं लहानसहान सुतारकामें स्वतःच करण्याची रीत असल्यामुळें हें हत्यार घरोघर आढळतें, आणि बहुधा मोटारीच्या खोलींत ठेविलेलें असतें. जानेवारींत तेथें पारा शून्याखालीं असतो. शून्याखालीं भरूं गेल्यास लिथियम घटाच्या आंत जेथें मुरावयाचें तेथें न मुरतां वरच धातूच्या रूपानें साचतें, व तें नुकसान पुन्हां भरून येत नाहीं. म्हणून तिकडेहि तांबडा लुकलुकतो. आमच्याकडे 'निवूं द्या' म्हणून, तिकडे 'उबेला आणा' म्हणून. परस्परविरुद्ध दोन अवस्थांस एकच खूण कां दिली, हें आम्हांस अद्याप पटलेलें नाहीं.

तापलेली बॅटरी निववावयाची कशी? सावलींत, हवेशीर जागीं, फरशीवर नुसती ठेवावी. तासाभरांत काम होतें. कित्येक चार्जरांत पंखा असतो, तो तिला अधिक लौकर निववितो. त्यांत ती तशीच बसवून ठेवली तरी चालतें. आमच्या शेजारच्या एका तरुण गृहस्थांनीं युक्ति म्हणून ती फ्रीजमध्यें ठेविली होती. असें कदापि करूं नये; बाहेर काढल्यावर दमट हवेंत तिच्यावर पाण्याचे थेंब जमतात आणि पट्ट्यांत ओल शिरते.

दुसरी खूण म्हणजे तांबडा व हिरवा आळीपाळीनें लुकलुकणें. मकिता व मिलवॉकी यांच्या चार्जरांवर ही दोषाची खूण आहे. पण दोष कोणाचा, हें दिवा सांगत नाहीं; तें आपण काढावयाचें. येथें अन्वयव्यतिरेकाचा उपयोग होतो. प्रथम चार्जरची पिन काढून खोबणींतील व बॅटरीवरील पट्ट्या कोरड्या फडक्यानें पुसाव्या. सुतारकामांत लांकडाचा भुसा आणि विटांचें पीठ तेथें हमखास जाऊन बसतें, आणि निम्म्या वेळां रोग एवढाच असतो. पुन्हां तीच खूण दिसली तर त्याच कंपनीची दुसरी, चालती बॅटरी त्याच चार्जरांत बसवावी. ती भरूं लागली तर पहिली बॅटरी दोषी. तिलाहि तीच खूण आली तर चार्जर दोषी. एवढें केल्यावांचून चार हजारांचा निकाल देऊं नये. बॅटरी फुगलेली दिसली, गोडसर उग्र वास आला किंवा धूर निघाला, तर मात्र परीक्षा वगैरे कांहीं न करतां ती घराबाहेर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवावी. आंतील घट उघडून पाहण्याचा मोह मुलांस फार होतो. तो मोडून काढावा. तसेंच एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या चार्जरांत कशीबशी बसवूं नये. नाडी पाहणारा एक व औषध देणारा दुसरा, अशांतली ती गोष्ट होईल.

मकिताच्या त्या जोडदिव्यांबद्दल, म्हणजे ८० टक्क्यांनंतर तांबडा व हिरवा एकदम लागतो त्याबद्दल, दोन शब्द. घागर भरतांना आपण प्रथम धार मोठी सोडतों आणि गळ्याशीं पाणी आलें कीं बारीक करतों. चार्जर हेंच करतो. प्रथम ठराविक प्रवाह जोरानें, घट ४.२ व्होल्टच्या जवळ आले कीं दाब तेवढाच राखून प्रवाह उतरवीत नेतो. त्यामुळें शेवटचा पांचवा हिस्सा भरण्यास प्रमाणाबाहेर वेळ लागतो. कामाची घाई असेल तर जोडदिवे दिसतांच बॅटरी काढून घेण्यास हरकत नाहीं. कारागीर तसेंच करतात, व तिला त्यानें अपाय होत नाहीं.

ज्यांस तांबडा व हिरवा हे रंग एकमेकांपासून ओळखूं येत नाहींत, त्यांची अडचण कोणी ध्यानांत घेत नाहीं. आमचे धाकटे बंधू त्यांपैकीं आहेत. शाळेंत असतांना त्यांनीं नकाशांतील जंगल तांबडें रंगविलें म्हणून मार खाल्ला होता. हा दोष मुख्यतः पुरुषांत आढळतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत शंभरांत सुमारें आठांस तो असतो, स्त्रियांत क्वचितच. अशा माणसास स्थिर व लुकलुकता यांतील भेद बरोबर कळतो, पण एकाच छिद्रांतून आळीपाळीनें येणारे तांबडा-हिरवा हे एकसारखेच भासूं शकतात. या दृष्टीनें एकाच रंगावर भागविणारी डिवॉल्टची रीत त्यांना सोयीची. मकिताचा शीघ्र चार्जर भरणें संपल्यावर लहानसा सूरहि वाजवितो, तो आमच्या बंधूंस फार आवडला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही ती भरलेली बॅटरी पिशवींत घालून मिस्त्रींच्या घरीं गेलों आणि पत्रकांतील ती ओळ त्यांना वाचून दाखविली. त्यांनीं बॅटरी ड्रिलला लावून दोनदां फिरवून पाहिली, मुलास हांक मारून मजुरी त्याच्या हातीं ठेवली, आणि "चुकलंच माझं" एवढें म्हणाले. आम्हांस जें बोलावयाचें होतें तें आम्ही वाटेंत तीनदां मनाशीं घोळविलें होतें, पण तो मुलगा समोर उभा राहिल्यावर "अरे, तूं म्हणत होतास तेंच खरें होतें, आम्हीं ऐकावयास हवें होतें," यापलीकडे शब्द सुचला नाहीं. तो हंसला, व "मास्तर, फळ्या राहिल्यात," म्हणून आमच्याबरोबरच निघाला.

त्या दिवशीं आम्हीं एका पुठ्ठ्यावर सुवाच्य बालबोध अक्षरांत चार्जरचा तक्ता मराठींत लिहिला : कोणता दिवा, स्थिर कीं लुकलुकता, आणि अर्थ काय. मिस्त्रींच्या पेटीच्या झांकणाला आंतून चिकटवावयाचा होता. मुलास दाखविला तेव्हां त्यानें बोट ठेवून सावकाश सगळा वाचला आणि 'तांबडा लुकलुकतो — बॅटरी तापली आहे, थांबावें' या ओळीपाशीं अडला.

"किती वेळ थांबायचं ते लिवा की," तो म्हणाला. "नाहीतर मिस्त्री पाच मिनिटं थांबत्याल आन् पुन्हा माझ्यावरच येत्याल."

आम्हीं पुन्हां लेखणी घेतली आणि 'एक तास, सावलींत' असें तेथें जोडलें.